‘पाय’सारखा संशयाने पछाडलेला विज्ञानपट अगदी कमी पैशांत कसा करता येईल?

तुमचा प्रश्न असा आहे: डॅरेन अरोनॉफ्स्कीचा ‘पाय’ (Pi, १९९८) पाहिला, तसाच पंधरा-वीस मिनिटांचा कृष्णधवल लघुपट करायचा आहे. हाताशी एक बरा फोन, मित्राचा मिररलेस कॅमेरा आणि एक दहा बाय दहाची खोली आहे. मग तो करकरीत काळा-पांढरा लूक कसा आणायचा, नायकाच्या अंगाला चिकटून चालणारा कॅमेरा कसा बांधायचा आणि कॉम्प्युटरने गिळलेली खोली कशी उभी करायची?

आधी मूळ चित्रपटाबद्दल थोडं, कारण तंत्राचे सगळे निर्णय तिथूनच निघतात. मॅक्स कोहेन हा गणिती न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमध्ये एका छोट्या घरात ‘युक्लिड’ नावाचा स्वतः जोडलेला कॉम्प्युटर घेऊन राहतो आणि शेअर बाजारात आकड्यांची लय शोधतो. कॉम्प्युटर बंद पडताना २१६ आकडी संख्या ओकतो. त्या संख्येच्या मागे वॉल स्ट्रीटवाले लागतात, एक ज्यू धार्मिक गट लागतो आणि मॅक्सचं स्वतःचं डोकंही लागतं. चित्रीकरणाचा खर्च साधारण ६०,००० डॉलर होता. तो मित्र-नातेवाइकांकडून प्रत्येकी १०० डॉलर घेऊन उभा केला होता आणि चित्रपट विकला गेला तर १५० परत, असा वायदा होता. १९९८च्या सनडान्स चित्रपट महोत्सवात त्याला दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला आणि एकट्या अमेरिकेत त्याने ३२ लाख डॉलरच्या वर धंदा केला.

माझ्या मते या चित्रपटाकडून शिकायची गोष्ट एकच आहे. पैसे नाहीत म्हणून जे जे करता येत नव्हतं, ते ते त्यांनी मॅक्सच्या डोक्यात ढकललं. एकच खोली आहे? मग मॅक्स खोलीबाहेर पडायला घाबरतो. गर्दीवर ताबा नाही? मग गर्दीच त्याच्यावर नजर ठेवून आहे. दिवे कमी आहेत? मग उजेड त्याला दुखतो. तुमच्या पटकथेतही प्रत्येक उणिवेला असं पात्राच्या आजारात घर मिळालं पाहिजे. ते मिळालं नाही, तर खाली सांगितलेलं सगळं करूनही चित्रपट फक्त ‘स्वस्त’ दिसेल.

आता लूक. छायालेखक मॅथ्यू लिबाटिक याने १६ मि.मी.ची कृष्णधवल रिव्हर्सल फिल्म वापरली: कोडॅकची ट्राय-एक्स (७२७८) आणि प्लस-एक्स (७२७६). रिव्हर्सलमध्ये कॅमेऱ्यातून गेलेली फिल्मच धुतल्यावर पॉझिटिव्ह होते, मध्ये निगेटिव्ह नसते. त्यामुळे चूक सावरायला जागा फार कमी असते. एखादा स्टॉप (एका स्टॉपने उजेड दुप्पट किंवा निम्मा होतो) जास्त उजेड पडला की पांढरा भाग कोरा, कमी पडला की काळा भाग बुजलेला. ती फिल्म पुढे ३५ मि.मी.वर मोठी केल्यावर कॉन्ट्रास्ट आणि दाणे (फिल्मवर दिसणारे बारीक ठिपके) दोन्ही आणखी वाढले. मधले करडे रंग जवळजवळ नाहीतच. मॅक्सलाही जगात मधलं काही दिसत नाही, म्हणून ते शोभतं.

डिजिटलवर हे आणताना बहुतेक जण रंगीत चित्रण करतात, मग सॅच्युरेशन (रंगांचा गडदपणा) शून्य करतात आणि कॉन्ट्रास्ट वाढवतात. त्यातून राखाडी, मळकट चित्र मिळतं, कारण प्रकाश मुळात सपाट पडलेला असतो. कॉन्ट्रास्ट खोलीतच तयार करावा लागतो. एकच उघडा बल्ब घ्या, शेड नको, उजेड मऊ करणारा डिफ्यूजर नको. चेहरा बल्बपासून १ मीटरवर आणि मागची भिंत बल्बपासून ३ मीटरवर ठेवा. प्रकाश अंतराच्या वर्गाने घटतो, म्हणून भिंतीवर नवव्या हिश्शाएवढाच उजेड पोचेल. म्हणजे तीन स्टॉपहून थोडा जास्तच फरक, आणि तोही फुकट. दहा बाय दहाच्या खोलीत हे गणित बिघडतं ते पांढऱ्या डिस्टेंपरमुळे. भिंती उजेड परत फेकतात आणि सावल्या उजळतात. ज्या बाजूला दिवा नाही त्या बाजूला, फ्रेमच्या अगदी कडेपर्यंत, काळं कापड टांगा. छत पांढरं असेल तर तिथेही. कॅमेऱ्यातून पाहताना चेहऱ्याची सावलीतली बाजू इतकी काळी हवी, की डोळा फक्त बुबुळातल्या ठिपक्याने ओळखू यावा.

बल्ब निवडताना सांभाळा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी बल्ब सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात आणि चित्रात पट्टे सरकतात. फोनवर २४० फ्रेमच्या स्लो-मोशनमध्ये बल्बकडे पाहा. लुकलुकला तर बाद. जुना १०० वॉटचा तारेचा बल्ब मिळाला तर उत्तम, तार तापलेली राहत असल्यामुळे तो फारसा लुकलुकत नाही. शटर (प्रत्येक फ्रेमला उजेड मिळण्याचा वेळ) १/५० सेकंदावर ठेवा, सेकंदाला २४ फ्रेम असोत की २५. मी २५ सुचवेन. कारण पुढे जुन्या मॉनिटरपाशी येईल.

फोनवर मॅन्युअल ॲप घ्या. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता) सर्वांत कमी ठेवा आणि फोकस व एक्स्पोजर दोन्ही कुलूपबंद करा. बहुतेक फोनचं अ‍ॅपर्चर (भिंगाचं उजेड आत घेणारं छिद्र) बदलत नाही, म्हणून बाहेर १/५० वर चित्र जळेल. उजेड अडवणारा एनडी फिल्टर लागेल: कडक उन्हात एनडी ६४, इमारतीच्या सावलीत एनडी ८. काळे भाग कॅमेऱ्यातच बुजवू नका. फक्त चेहऱ्याची उजळ बाजू जळणार नाही एवढं पाहा आणि दाबायचं ते एडिटमध्ये दाबा.

कृष्णधवल करताना एडिटमधला चॅनेल मिक्सर (लाल, हिरव्या, निळ्या रंगांतून किती किती घ्यायचं ते ठरवणारं साधन) वापरा, सॅच्युरेशनच्या बटणावर सोडू नका. लाल चॅनेल जास्त घेतला की त्वचा गुळगुळीत आणि उजळ दिसते. निळा वाढवला की त्वचा काळवंडते, डाग, शिरा, डोळ्यांखालची वर्तुळं वर येतात. नायक बरा असताना लाल आणि आजार चढेल तसा निळा, असा हळूहळू सरकवा. प्रेक्षकाला कळणार नाही, पण चेहरा खंगत चाललेला जाणवेल. अट एकच: फोनच्या दाबलेल्या ८ बिटच्या फाइलमध्ये निळा चॅनेल सर्वांत गढूळ असतो. साठ टक्क्यांच्या पुढे नेला की चौकोन दिसू लागतात. मिररलेसवर थोडी जास्त मोकळीक मिळते. कपडे आणि भिंत यांचा रंग वेगळा असून उपयोग नाही. लाल शर्ट आणि हिरवी भिंत एकाच करड्यात विरघळू शकतात. गडद की फिका, एवढंच बघा. दाणे सगळ्यात शेवटी घाला, अंतिम आकारावर. यूट्यूबवर टाकणार असाल तर १०८०चं चित्रण असलं तरी फाइल ४केमध्ये काढा. नाहीतर तिथलं कॉम्प्रेशन दाणे खाऊन टाकतं आणि काळ्या भागांत ठोकळे उरतात.

आता अंगावरचा कॅमेरा. त्याला स्नॉरिकॅम म्हणतात, आइनार स्नॉरी आणि एइदुर स्नॉरी या दोन आइसलँडिक कलावंतांच्या नावावरून. कॅमेरा नटाच्या धडाला बांधलेला, भिंग त्याच्याच चेहऱ्याकडे. तो चालतो तेव्हा चेहरा फ्रेममध्ये खिळलेला राहतो आणि जग हेलकावे खातं. पळणारा माणूस जागचा हलतच नाही, ही भावना दुसऱ्या कुठल्याच शॉटने इतकी नेमकी येत नाही.

बांधायला लागेल ते असं: १२ मि.मी. प्लायवूडचा ३० × २५ सें.मी. तुकडा, त्याच्या मागे इंचभर जाडीचा फोम, २५ मि.मी.चा ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप साधारण दोन मीटर, ट्रेकिंगच्या सॅकचा कंबरपट्टा व खांद्याचे पट्टे, नट-बोल्ट, आणि फोनचा क्लॅम्प किंवा कॅमेऱ्यासाठी पाव इंची स्क्रू. भिंग चेहऱ्यापासून ६० सें.मी.वर, हनुवटीच्या उंचीला. फोनचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ मि.मी.च्या तोडीचा असतो. त्या अंतरावर त्यात डोक्यावर थोडी जागा ठेवून छातीपर्यंतचा भाग येतो, तेवढाच हवा. फळी छातीवर बांधू नका. छातीवरून निघालेला पाइप फ्रेमच्या खालच्या कडेत शिरतो. फळी पोटावर, बेंबीच्या आसपास बांधली की पाइप तिरका वर चढत भिंगापर्यंत जातो आणि दृष्टीच्या खालून निसटतो. त्यासाठी पाइपचा एकेक तुकडा साधारण ७५ सें.मी.चा लागेल. दोन तुकडे फळीच्या दोन टोकांना लावून पुढे एकत्र आणा आणि मध्ये उरलेल्या पाइपची एक आडवी पट्टी ठोका.

एकाच पाइपवर भागवलं तर प्रत्येक पावलाला तो लवतो, आणि जग हलण्याऐवजी चेहराच थरथरतो. तसं झालं की शॉटचा अर्थच गेला. दुसरी चूक त्याहून जास्त दिसते: फोनचं इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन चालू राहतं. ते मागचं दृश्य स्थिर ठेवायला धडपडतं आणि हेलकावे चेहऱ्यावर ढकलतं, म्हणजे आपल्याला हवं त्याच्या नेमकं उलट. ते बंद करा. बंद होत नसेल तर दुसरं ॲप शोधा. फोन जेमतेम दोनशे ग्रॅमचा, त्याचं ओझं जाणवत नाही. मिररलेस भिंगासह किलोच्या आसपास गेला की पुढे ओढ बसते. तेव्हा पाठीवर सॅकमध्ये दीड-दोन किलो वजन ठेवा आणि भार खांद्यांवर नको, कंबरपट्ट्यावर घ्या.

पार्श्वभूमी उभ्या रेषांची हवी: खांब, शटर, जिन्याचे कठडे, लांब बोळ. कोऱ्या भिंतीसमोर हा शॉट काहीच करत नाही. नटाला स्वतःचे पाय दिसत नाहीत, म्हणून बाजूला एक माणूस फक्त त्याला धरायला ठेवा. जिना उतरणं, रस्ता ओलांडणं, फलाटाची कड यांपैकी काहीही या साजात करू नका. शॉट पाच ते आठ सेकंदांचा वापरा आणि अख्ख्या लघुपटात तीनदाच. चौथ्यांदा तो फक्त युक्ती वाटतो.

‘पाय’च्या मंडळींनी भुयारी रेल्वेत परवानगीशिवाय चित्रीकरण केलं आणि पोलिस येतात का ते पाहायला माणूस उभा केला, ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते. मुंबईच्या लोकलमध्ये तसं करू नका. रेल्वेची परवानगी त्या त्या रेल्वेच्या मुख्यालयाकडून शुल्क भरून घ्यावी लागते, आणि अंगावर पाइप-वायरी बांधलेला माणूस फलाटावर दिसला तर लोक घाबरणं साहजिक आहे. जुन्या इमारतीचा सामाईक व्हरांडा, रविवारी बंद असलेला औद्योगिक गाळा, सोसायटीचं तळघरातलं पार्किंग यांतून तेच काम होतं. मालकाकडून चार ओळींचं लेखी पत्र घ्या म्हणजे झालं.

खोलीकडे येऊ. युक्लिड ‘टेबलावरचा कॉम्प्युटर’ नाही. वायरी छतापासून लोंबतात, बोर्ड भिंतींवर चढलेत, मॅक्स यंत्राच्या आत राहतो. ई-कचरा घेणाऱ्या भंगारवाल्याकडे किलोवर माल मिळतो. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात पासोड्या विठोबाजवळची दुकानं हिंडून जुने सुटे भाग मिळतात. एका छोट्या खोलीला पंधरा-वीस मदरबोर्ड, तीन-चार उघड्या कॅबिनेट, दोन जुने काचेच्या नळीचे मॉनिटर, एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि शंभरेक मीटर वायर धरा. चपट्या रिबन केबल जास्त घ्या, त्या कडेने उजेड पकडतात. सगळं भिंतीला चिकटवू नका. तीन थर करा. काही वायरी भिंगाच्या अगदी जवळ, धूसर. मध्ये नट. मागे उजेडात बोर्ड. बल्बसमोर १२ व्होल्टचा ८० मि.मी.चा कॅबिनेटचा पंखा अ‍ॅडॉप्टरवर हळू फिरवा. पात्यांची सावली भिंतीवर फिरू लागली की खोली श्वास घेते.

सावधगिरी गंभीरपणे घ्या. भंगारातल्या बोर्डांना वीज देऊ नका. काचेच्या नळीच्या मॉनिटरचं मागचं झाकण कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही नळीत हजारो व्होल्टचा भार उरलेला असू शकतो आणि तो जिवावर बेतू शकतो. लुकलुकणारे दिवे हवे असतील तर ५ व्होल्टची एलईडी माळ बोर्डांच्या मागून फिरवा.

मॉनिटर चित्रित करताना पडद्यावर काळा पट्टा सरकताना दिसतो, कारण पडदा आणि कॅमेरा वेगवेगळ्या तालावर चालतात. टीव्हीची जुनी नळी ५० हर्ट्झची असेल तर २५ फ्रेम आणि १/५० शटरवर पट्टा बारीक होऊन जवळपास स्थिर राहतो. कॉम्प्युटरचा मॉनिटर बहुधा ६० किंवा त्याहून जास्त हर्ट्झवर चालतो. सेटिंगमध्ये ७५ मिळत असेल तर ते ठेवा आणि शटर १/७५ करा. ७५ला २५ने पूर्ण भाग जातो, म्हणून पट्टा थांबतो. मात्र १/७५ शटरवर खोलीतला बल्ब त्रास देऊ शकतो, म्हणून तो शॉट केवळ पडद्याच्या उजेडात घ्या. संशय टिपेला पोचतो त्या प्रसंगात मात्र मी पट्टा मुद्दाम सरकू देईन.

चित्रपटात यंत्रात मुंगी शिरते आणि चिपवर चिकट द्रव सापडतो. त्यासाठी एक कप पाण्यात दोन मोठे चमचे अरारूट शिजवून खळ करा आणि गार झाल्यावर चमचाभर ग्लिसरीन घाला, म्हणजे दिव्याखाली साय धरत नाही. साखर किंवा मध अजिबात नको. सेट दोन दिवस उभा राहणार असेल तर खऱ्या मुंग्यांची रांग लागेल आणि कंटिन्युइटी (एका शॉटशी दुसऱ्या शॉटचा मेळ) जाईल. भुयारी स्टेशनात मॅक्सला एक मेंदू पडलेला सापडतो आणि तो त्याला पेनाने टोचतो. तसं काही करायचं तर नुसत्या जिलेटिनवर विसंबू नका. ते ३५ अंशांच्या आसपास वितळायला लागतं, म्हणजे एप्रिलमध्ये दिव्याखाली त्याचा रस होतो. चायना ग्रास उष्णतेला टिकतो, पण टोचल्यावर तडकतो. लिटरभर पाण्याला १५ ग्रॅम चायना ग्रास घालून पूर्ण उकळा, मग आचेवरून उतरवून जिलेटिन ५० ग्रॅम (आधी गार पाण्यात भिजवलेलं) मिसळा. दोन नग करा, एक पहिल्या टेकला फुटतो.

ध्वनीवर निम्मी मेहनत घाला. क्लिंट मॅन्सेलचं हे पहिलंच चित्रपट संगीत, पण त्याच्या इलेक्ट्रॉनिक ठेक्याइतकंच काम यंत्रांचे आवाज करतात. मॅक्सचं डोकं दुखायला लागतं ते प्रेक्षकाला आधी कानाने कळतं. तुमच्यासाठी साधी रचना सांगतो. खाली विजेची घरघर: ५०, १०० आणि १५० हर्ट्झ. फोनच्या स्पीकरवर १५०च्या खालचं जवळजवळ ऐकू येत नाही, म्हणून तिचेच ३०० आणि ४०० हर्ट्झचे थर वर चढवा. त्यावर सहा-सात हजार हर्ट्झचा एक बारीक सूर, अगदी हळू, वीस-तीस सेकंदांत वाढत जाणारा. मग एका फ्रेममध्ये सगळं बंद. ती शांतता नुसती कोरी नको, त्या खोलीचा नुसता आवाज अर्धा मिनिट वेगळा ध्वनिमुद्रित करून तो तिथे ठेवा. टोकाचा सूर दोन-तीन सेकंदांच्या वर मोठा ठेवू नका. प्रेक्षक हेडफोन काढून ठेवेल आणि परत लावणार नाही.

निवेदन कपाटात कपड्यांच्या मध्ये, तोंडापासून १०-१५ सें.मी.वर, मायक्रोफोन थोडा तिरका धरून घ्या. मॅक्स वेळ सांगून नोंदी केल्यासारखा बोलतो. ही फार कामाची सोय आहे. जे दाखवायला पैसे नाहीत ते एका वाक्यात नोंदवता येतं, आणि नोंदींतल्या वेळा चुकायला लागल्या की माणूस ढासळतोय हे न सांगता कळतं.

गोळ्या घेण्याचा तो झटपट तुकडा तुम्हाला आठवत असेल: बाटली, तळहात, तोंड. सहा-सात क्लोजअप, प्रत्येक ८ ते १२ फ्रेमचा, प्रत्येकाला स्वतःचा एक कोरडा आवाज. सगळे एकाच दिवशी, एकाच दिव्यात घ्या आणि तेच पुन्हा पुन्हा वापरा. पहिल्या तीन वेळा क्रम अजिबात बदलू नका. चौथ्या वेळी एक तुकडा काढून टाका. प्रेक्षकाचं शरीर तो तुकडा येण्याची वाट पाहत असतं.

पटकथेत दोन गोष्टी सांभाळा. नायक नाही असा एकही प्रसंग ठेवू नका. प्रेक्षकाला त्याच्याहून जास्त कळलं की संशय संपतो आणि कीव सुरू होते. आणि कुणीतरी खरोखरच त्याच्या मागावर असू द्या, निदान एक माणूस. सगळाच भास निघाला तर शेवटी फसवल्यासारखं वाटतं. ‘पाय’मध्ये पाठलाग खरा आहे, म्हणूनच दारावरची इतकी कुलपं आपल्याला वेडेपणाची वाटत नाहीत.

चित्रीकरणाचा क्रम असा लावा: पहिल्या दिवशी खोली अर्धी भरलेली आणि नायक बरा असतानाचे प्रसंग, मग रात्रीतून उरलेलं भंगार चढवून दुसऱ्या दिवशी मधले, आणि शेवटच्या दिवशी मोडतोड. उलट केलंत तर तुटलेला सेट परत उभा करता येत नाही. बाहेरचे स्नॉरिकॅमचे शॉट वेगळ्या सकाळी घ्या. त्याआधी तो साज घरात अर्धा तास घालून नटाला नुसतं चालू द्या. पट्टा कुठे काचतो आणि कुठला बोल्ट सैल होतो, ते त्याच वेळी कळतं.